औषधाचे बूट

नोकरीत रुजू झालो तेव्हा मला तीन वस्तू मिळाल्या: एक पत्र्याची पेटी, एक थर्मामीटर आणि गुडघ्यापर्यंत येणारे काळे गमबूट. पेटीचं कुलूप लागत नव्हतं. थर्मामीटर पहिल्याच महिन्यात एका म्हशीने लाथ झाडून फोडला. बूट मात्र एक नंबर होते. जिंतूर तालुक्यातली काळी माती श्रावणात कशी असते हे ज्याने पाहिलंय, त्याला त्या बुटांचं मोल सांगायला नको. गावातली माणसं चपला हातात घेऊन चिखलातून पाय उपसत चालायची आणि मी त्यांच्या मधून ऐटीत पचक-पचक करत जायचो. त्या बुटांचा मला इतका गर्व होता की आज आठवलं तरी स्वतःच्याच कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

मी मूळचा चुडाव्याचा. आमचं घर स्टेशनाजवळ, त्यामुळे लहानपणापासून मला रेल्वेगाड्या कळायच्या, जनावरं नाही. जनावरं मी परभणीला शिकलो, तीही बरीचशी वहीत. हे ऐंशीच्या दशकाच्या मध्यातलं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन सुरू होतं. कधी एस.टी. बंद तर कधी रस्ता, त्यामुळे परभणीहून निघालेलं औषधाचं खोकं कधी हाती पडेल याचा नेम नसायचा. चारठाण्याच्या पुढे एका गावात जनावरांचा छोटा दवाखाना होता आणि त्यात मी एकटा. माझ्या पदाचं नाव बरंच लांबलचक आणि बरंच खालचं होतं, पण लोक मला ‘ढोराचा डाक्टर’ म्हणायचे. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

गावात माझं सगळ्यात लाडकं ठिकाण म्हणजे मावशींचा आखाडा. आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातला गोठा, कडबा आणि अवजारं ठेवायची जागा. मावशी पन्नाशीच्या. नवरा गेला होता, मुलगी सासरी नांदत होती. तीन एकर जमीन त्या एकट्याच्या हिमतीवर कसत होत्या. त्यांच्याकडे एक म्हातारा बैल होता आणि एक गोऱ्हा. गोऱ्हा लाल कंधारी, विटेसारखा रंग, कान लांब, डोळ्यांभोवती काळं कडं. त्याची आई तो आठ दिवसांचा असताना साप चावून मेली होती. मावशींनी त्याला शेजारच्या गाईचं दूध बाटलीने पाजून वाढवलं. तो माणसांत वाढल्यामुळे स्वतःला बैल समजतच नव्हता. मावशी जेवायला बसल्या की हाही गव्हाणीवरून मान लांब करून भाकरी मागायचा.

त्या वर्षी तो पहिल्यांदा औताला लागला होता आणि पोळ्याला मारुतीसमोर पहिल्यांदा पुढे उभा राहणार होता. आमच्या भागात पोळ्याला बैलांचं लग्न लागतं. गावातले सगळे बैल सजवून देवळापुढे तोरणाखाली दाटीने उभे करतात, मंगलाष्टकं म्हणतात, अक्षता पडतात. मावशींनी गोऱ्ह्यासाठी आषाढातच बाशिंग करून ठेवलं होतं. जो येईल त्याला त्या ते दाखवायच्या. मलाच चार वेळा दाखवलं असेल.

“गेल्या साली बारका म्हणून मागं उभा केला व्हता,” त्या म्हणायच्या. “आवंदा म्होरं राहील. सारं गाव बघंल.”

मावशींच्या आखाड्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि काट्यांचंच फाटक. फाटकाशी पाण्याची घागर आणि वर तांब्या. आत येणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या आणि पाय धुवायचे, असा त्यांचा नियम. खळ्यावर कोणीच चप्पल घालून जात नाही, ते सगळीकडचं आहे. मावशींनी तोच नियम गोठ्याला लावला होता. त्या म्हणत, ज्या जनावराच्या जिवावर दाणा घरी येतो त्याच्याजवळ चप्पल कशाला?

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी तांब्या पुढे केला. मी पायांकडे बोट दाखवलं. “मावशी, गमबूट आहेत. काढायला पाच मिनिटं, घालायला दहा.”

त्यांनी बुटांकडे नीट पाहिलं. “राहू द्या. डाक्टरचे बूट म्हंजे औषधाचेच की,” असं म्हणून तांब्या घागरीवर ठेवला. सगळ्या गावात ती सूट फक्त मला होती, आणि मला ते फार आवडलं होतं.

पोळ्याला तीन-एक आठवडे उरले असताना पाटलांनी बाजारातून नवी जोडी आणली. चौथ्या दिवशी त्यातल्या एका बैलाच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. मी तोंड उघडून पाहिलं. जिभेवर फोड, हिरड्यांवर फोड, खुरांच्या बेचक्यात लाल जखमा. लाळ्या-खुरकूत! खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. वहीत शिकलेला रोग पहिल्यांदा समोर उभा होता. मग आठवलं की हा रोग एका बैलावर थांबत नसतो.

मी देवळाच्या पारावर लोक जमवले आणि भाषण ठोकलं. हा रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूमुळे होतो. तो लाळेत असतो, फोडाच्या पाण्यात असतो, शेणामुतात असतो. बैल आजारी दिसायच्या आधी एक-दोन दिवस त्याच्या लाळेतून तो बाहेर पडायला लागलेला असतो. एकाच हौदावर पाणी पाजलं, एकाच गव्हाणीत चारा टाकला, एकाचा कासरा दुसऱ्याला लावला की गेला तो पुढच्या घरी.

“दिसतच न्हाई तर हाय कशावरून?” मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले. मला राग आला. तेव्हा मला राग फार लवकर यायचा.

हसणाऱ्यांत पुढे होते ते बाबा. बाबा म्हणजे गावातले झाडपाल्याचे जुने जाणकार; पोळ्याची मंगलाष्टकंही तेच म्हणायचे. माझ्या आधी चाळीस वर्षं गावची जनावरं त्यांच्याच हाताखाली होती. त्यांच्याकडे एक बांबूची नळी होती, एका टोकाला तिरकी कापलेली. तिच्यात काढा भरायचा आणि नळी बैलाच्या जबड्यात सारून तो घशात ओतायचा. काढा चांगलाच असायचा. पण बाबा तीच नळी या बैलाच्या लाळेतून काढून त्या बैलाच्या तोंडात घालत गावभर फिरत होते. मी सगळ्यांसमोर त्यांची नळी काढून घेतली.

“हीच तुमची साथ. हीच!” मी नळी उंच धरून ओरडलो.

 बाबांनी फक्त माझ्या बुटांकडे पाहिलं. निदान मला आता तसं वाटतं.

पुढचे आठ-दहा दिवस मी खरोखर राबलो. तुरटीच्या पाण्याने तोंडं धुतली, मोरचुदाच्या पाण्याने खुरं धुतली, माश्या बसू नयेत म्हणून जखमांवर कडुनिंबाचं तेल लावलं. तोंड सोललेल्या बैलांना ज्वारीची पातळ आंबील पाजायला लावली. वहीत गावाचा नकाशा काढला आणि रोग कोणत्या घरी कधी पोचला ते लिहीत गेलो. हौदामुळे चार घरं, बाजारातून आलेल्या कासऱ्यामुळे एक, बाबांच्या नळीमुळे तीन. दर घरी मी लाल साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचो आणि मगच पुढे जायचो. त्या हात धुण्याचं गावात कौतुक होतं. बायका पोरांना सांगायच्या, बघा डाक्टर कसे हात धुतात.

मावशींचा आखाडा नकाशाच्या टोकाला होता आणि कोरा होता. त्यांनी गोऱ्हा आणि म्हातारा बैल दोन्ही बाहेर काढणं बंद केलं होतं. पाणी डोक्यावरून आणत, चारा स्वतःच्या बांधाचा. शेजारणीलाही फाटकातूनच परत पाठवत. मी गावात सगळीकडे त्यांचं उदाहरण द्यायचो. आणि रोज संध्याकाळी, दिवसभराचं काम आटोपलं की, त्यांच्याकडे चहाला जायचो. फाटक ढकलायचो, थेट गव्हाणीपाशी जायचो आणि गोऱ्ह्याचं तोंड उघडून म्हणायचो, “बघा मावशी, जीभ कशी गुलाबी!” मावशींचा चेहरा खुलायचा.

पोळा आठ दिवसांवर आला असताना एका सकाळी मावशी स्वतः दवाखान्यात आल्या. धावत आल्या असाव्यात, कारण बोलायला दम पुरत नव्हता.

“डाक्टर, भाकरी खायना गेलाय.”

मी गेलो. गोऱ्हा मान खाली घालून उभा होता, ओठ चटचट वाजवत होता आणि लाळ पार जमिनीला टेकली होती. मला पाहून त्याने सवयीने मान पुढे केली आणि वेदनेने परत ओढली.  मी वही काढली. हौद? नाही. कासरा? नाही. नळी? ती तर माझ्याच पेटीत. मग आलं कुठून? मी जमिनीकडे पाहत विचार करत होतो आणि जमिनीवरच उत्तर होतं. ओल्या शेणामातीत मावशींच्या अनवाणी पावलांचे ठसे होते, बैलांच्या खुरांचे होते, आणि फाटकापासून गव्हाणीपर्यंत सरळ रेषेत चौकडीचे ठसे होते. रबरी तळव्याच्या चौकडीचे. सगळ्या गावात तसले तळवे एकाच माणसाचे होते.

हात धुतले होते मी. बूट कधीच धुतले नव्हते. आठ आजारी घरांतली लाळ आणि शेण त्या चौकड्यांत भरून मी रोज संध्याकाळी चहाच्या वेळी इथे आणून टाकत होतो.

मावशींना तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मी भ्यालो. मी फक्त म्हणालो की तरणा आहे, बरा होईल, आणि बाहेर येऊन बांधावर बसून बूट उपसून काढले. परत अनवाणी गेलो, चिखलातून, लोकांसारखा पाय उपसत.

दुसऱ्याच दिवशी देवळात बैठक होती. विषय पोळ्याचा. मी आधीच सांगितलं होतं की यंदा बैल एकत्र उभे करू नका. बरे झालेले बैलही काही दिवस रोग पसरवतात, आणि अजून निम्मं गाव कोरं आहे. हे ऐकून लोक भडकले होते. मानाची जोडी पाटलांची, त्यामुळे पाटील सगळ्यात जास्त.

“पोळा बंद? आमच्या आज्याच्या काळापासून कधी बंद न्हाई पडला!”

आणि मग बाबा उठले. इतके दिवस ते याच क्षणाची वाट पाहत असावेत. “म्या नळीनं रोग पसरवला म्हणं. बरं. ह्या बाईच्या आखाड्यात तर माझी नळी कवाच गेली न्हाई. तिथं कशानं गेला? इचारा की डाक्टरला!”

सगळी बैठक माझ्याकडे बघायला लागली.  बोलावं तर तोंडघशी, न बोलावं तरी तोंडघशी. पाटलांनी मग मावशींनाच विचारलं. “बाई, तुमीच सांगा. कोण आलं व्हतं आखाड्यात?”

मावशी बायकांच्या घोळक्यात मागे बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. “कुणी न्हाई आलं. वाऱ्यानं आला आसंल. वाऱ्याला कोण आडवणार?”

मी सुटलो. वाऱ्यानेही हा रोग जातो हे खरंच आहे, म्हणून मी तर जोरजोराने मान हलवली. बिचारीला काही कळलं नाही असं मला वाटलं, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. पण मावशी खाली बसल्या नव्हत्या.

“डाक्टर सांगायलेत ते मला बी पुरं कळत न्हाई,” त्या म्हणाल्या. “पर ज्वारीच्या कणसाला लागती ती काणी तर आपल्याला कळती ना? एक काणीचं कणीस खळ्यावर मळलं की त्याची काळी भुकटी साऱ्या राशीला बसती. दाणा वरून पांढराधप दिसतो. कळतं कवा? पेरून कणसं आल्यावर. म्हणून तर आपण बियाण्याला गंधक चोळतो. ती भुकटी एक-एक दाण्यावर बसलेली कुणाला दिसती का? मंग मारुतीम्होरं चांगले अन् दुखणाईत बैल एकाजागी उभे करणं म्हंजे काणीची अन् चांगली कणसं एकाच खळ्यावर मळणं न्हाई का?”

 मी दहा दिवस विषाणू-विषाणू करत घसा फोडला होता, ते या बाईने काणीच्या एका कणसात सांगून टाकलं. बियाण्याला गंधक चोळलेले हात तिथे प्रत्येकाचेच होते.

“पोळा बंद करू नका,” त्या पुढे म्हणाल्या. “बैल आपापल्या दारात उभे करा. बाबानं देवळाच्या भोंग्यावर मंगलाष्टकं म्हणावी. ज्यानं त्यानं आपल्या दारात अक्षता टाकाव्या. देवाला काय, समदीकडचं दिसतं.”

बाबांना आयुष्यात कोणी माईक दिला नव्हता. त्यांचा चेहराच बदलला. “तसं केलं तर चालतंय,” ते घाईने म्हणाले, “धर्माला काई बाधा न्हाई.” बाबांनीच मान्य केल्यावर पाटलांनीही मान डोलावली.

असा भोंग्यावरचा पोळा मी पुन्हा कधी पाहिला नाही. दारोदार बैल सजून उभे होते, शिंगांना हिंगुळाचा लाल रंग, पाठीवर झुली. बाबा सकाळपासून घसा साफ करत होते आणि तेही गावभर ऐकू येत होतं. मंगलाष्टकं सुरू झाली. एका बैलाने आपल्याच जोडीदाराचं बाशिंग खाल्लं, एकाने अक्षतांचं ताटच चाटून पुसून स्वच्छ केलं. तिसरं मंगलाष्टक रंगात आलं असताना लाईट गेली. भोंगा मुका झाला. अर्ध्या लग्नात बैल तसेच उभे. बाबांना ते सहन होईना. ते पारावर चढून नुसत्या गळ्याने ओरडायला लागले. देवळाजवळच्या घराने ते ऐकून पुढच्या घराला ओरडून सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला. “सावधान, सावधान” असं करत ते पार गावाच्या टोकापर्यंत गेलं. रोग ज्या घरांवरून गेला होता त्याच घरांवरून. टोकाची घरं पाच मिनिटं उशिराने अक्षता टाकत होती आणि हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी मावशींच्या आखाड्याकडे निघालो. एक काम त्याआधीच झालं होतं: बाबांची नळी तासभर उकळून मी त्यांना परत दिली होती आणि दर बैलामागे अशीच उकळा म्हणून सांगितलं होतं. “नळीला आंघोळ घालून आणलीय,” ते बायकोला म्हणाले, पण नळी घेतली. दुसरं काम जास्त अवघड होतं.

फाटकाशी मी चपला काढल्या आणि तांब्याने पाय धुतले. सोबत धुण्याचा सोडा आणला होता, त्याच्या पाण्याने पुन्हा धुतले. मावशी आत गोऱ्ह्याजवळ बसल्या होत्या. तो बराच सुधारला होता, पण अजून चावता येत नव्हतं. पायही एक उचलून धरत होता. त्याला बाशिंग बांधलेलं होतं. मावशींनी पुरणपोळी दुधात कुस्करून पातळ केली होती आणि लहानपणासारखी हाताने त्याच्या जिभेवर सोडत होत्या. तो मान वाकडी करून गिळत होता. तोरण नाही, गर्दी नाही, बघायला गाव नाही.

“मावशी,” मी म्हणालो, “रोग वाऱ्याने नाही आला. माझ्या बुटांनी आला.”

त्यांनी हातातला घास गोऱ्ह्याच्या तोंडात नीट सोडला.

“मला ठाव हाय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बिगर हितं कुणी आलंच न्हाई. मंग दुसरं कोण आणणार?”

“मग बैठकीत का नाही सांगितलं?”

“सांगितलं आसतं तर?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “तुमचं कुणी ऐकलं आसतं? समदे हसले आसते अन् बैल घेऊन देवळाम्होरं उभे राहिले आसते. माझ्या गोऱ्ह्याचं दुखणं काई माघारी गेलं नसतं. दुसऱ्यांचे बैल मातर वाचले.”

 मी तिथेच शेणात बसलो आणि रडलो, हे लिहायला मला आता संकोच वाटत नाही. मावशींनी थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाल्या, “चूक माझी बी हाय. म्याच म्हनले औषधाचे बूट. आता उठ लेकरा, त्याच्या अंगावर अक्षता टाक. वऱ्हाडी म्हणून तूच एक हायेस.”

मी उठलो आणि मूठभर अक्षता गोऱ्ह्यावर टाकल्या. त्याने खाली पडलेल्या चाटायचा प्रयत्न केला, तोंड दुखलं, तरी पुन्हा केला.

पुढच्या वर्षी तो मारुतीसमोर अगदी पुढे उभा राहिला. बाशिंग तेच होतं, जपून ठेवलेलं. पाटलांनी स्वतः जागा करून दिली आणि बाबांनी भोंग्याशिवाय चालणारच नाही म्हणून हट्ट धरला. मावशींनी कासरा माझ्या हातात दिला होता. मी अनवाणी होतो.

पुढे माझ्या बदल्या झाल्या, बूटही दोन-तीनदा नवे मिळाले. कोणत्याही गोठ्याशी मी सोड्याची बादली मागायचो, तेव्हा लोक म्हणायचे, डाक्टर, राहू द्या हो, तुम्हाला कशाला? तेव्हा मला दर वेळी मावशींचा हात दिसायचा, तांब्या परत घागरीवर ठेवणारा. मी म्हणायचो, मलाच आधी. आणि बुटांसकट पाय धुवायचो.